बर्फावरील पेढी

हॉकी हा शब्द आम्हां बेळगावकरांस परका नाही. १९६४ साली टोकियो येथे सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटील होते, ही गोष्ट आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून अभिमानाने ऐकली आहे. परंतु प्रस्तुत लेखातील हॉकी ती नव्हे. कॅनडा व अमेरिका या देशांत गोठविलेल्या बर्फावर, पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून जी हॉकी खेळतात तिच्याविषयी आम्ही लिहिणार आहोत. खरे सांगावयाचे तर त्या खेळातील डावपेच आम्हांस आजही धड उमगत नाहीत. चकती कोठे गेली हे कळण्यापूर्वीच गोल झालेला असतो. आमचे लक्ष वेधले ते खेळ संपल्यावर, उन्हाळ्याच्या सुटीत, कागदावर चालणाऱ्या व्यवहाराने. त्या व्यवहारात आम्हांस आपली रविवार पेठ दिसली, आणि आमच्या हातून पूर्वी घडलेली एक चूकही दिसली. सबब स्मरणिकेच्या संपादक मंडळाने चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली तेव्हा हाच विषय आम्ही निवडला. सभासद बंधुभगिनींनी तो गोड मानून घ्यावा.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही सपत्नीक कॅनडातील एडमंटन शहरी आमच्या भाच्याकडे दोन-अडीच महिने राहिलो होतो. तेथे पोचून जेमतेम आठवडा झाला होता. सारे शहर 'ऑइलर्स' नावाच्या आपल्या संघाच्या पायी वेडे झाले होते. अंतिम स्पर्धेत फ्लोरिडाच्या संघाने पहिले तिन्ही सामने जिंकले होते. नंतरचे तिन्ही एडमंटनने जिंकून बरोबरी साधली होती. २४ जून रोजी सातवा आणि निर्णायक सामना झाला. एडमंटनचा संघ २-१ असा, म्हणजे अवघ्या एका गोलाने हरला. १९९० नंतर स्टॅनली चषक त्या गावास मिळालेला नव्हता, तो त्याही वर्षी हुकला. भाच्याच्या घरी त्या रात्री कोणी धड जेवले नाही.

आम्ही त्याचे समाधान करण्यासाठी म्हणालो, "अरे, एका गोलाचाच तर फरक. मालक श्रीमंत दिसतो. चार चांगले गडी आणखी विकत घेईल, की पुढील वर्षी चषक तुमचाच." त्यावर भाचा म्हणाला, "मामा, तेच तर करता येत नाही. पैसे असूनही खर्च करता येत नाहीत." पैसे असून खर्च करता येत नाहीत, हे वाक्य ऐकून आमच्यातील व्यापारी जागा झाला. पुढे दोन महिने आम्ही भाच्यास प्रश्न विचारून अगदी भंडावून सोडले. त्यातून जे समजले ते असे.

सर्वांची वखार एकाच मापाची

नॅशनल हॉकी लीग ही संघटना १९१७ साली स्थापन झाली. २०२४ साली तीत ३२ संघ होते; पैकी २५ अमेरिकेतील व ७ कॅनडातील. प्रत्येक संघास मालक असतो, परंतु खेळाडूंची देवघेव, करारमदार, वेतनाची घासाघीस ही सर्व कामे एक नेमलेला कारभारी पाहतो. त्यास जनरल मॅनेजर म्हणतात. आपल्या भाषेत बोलायचे तर गादीवरचा मुखत्यार मुनीम.

पूर्वी ज्या मालकाची थैली मोठी त्याच्याकडे चांगले खेळाडू, असा प्रकार होता. वेतने वाढत गेली, लहान गावांचे संघ तोट्यात गेले, आणि मालक व खेळाडूंची संघटना यांच्यात असा वांधा पडला की २००४-०५ चा संपूर्ण हंगाम बुडाला. १६ फेब्रुवारी २००५ रोजी लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी हंगाम रद्द झाल्याचे जाहीर केले. त्या वर्षी चषक कोणासच मिळाला नाही. पुढे जुलैमध्ये तडजोड झाली. तीत असे ठरले की, प्रत्येक संघाने खेळाडूंच्या वेतनावर एका ठराविक रकमेपेक्षा अधिक खर्च करू नये. पहिल्या वर्षी ही मर्यादा ३ कोटी ९० लाख डॉलर होती. ती लीगच्या उत्पन्नाशी बांधलेली असल्याने वाढत गेली. २०२४-२५ साठी ती ८ कोटी ८० लाख डॉलर होती. जशी वरची मर्यादा तशी खालचीही. ठराविक रकमेपेक्षा कमी खर्च करून नुसता नफा खिशात घालण्यासही मालकास मोकळीक नाही. २०१३ च्या करारापासून एकंदर उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंचा, असे ठरले.

परिमाणाची कल्पना आपल्या समाजास नवी नाही. फरक इतकाच की आपल्याकडे ती मनुष्याने स्वतःवर घालून घ्यावयाची असते, आणि तेथे ती कराराने सर्वांवर घातली आहे. परिणाम मात्र विचार करण्याजोगा आहे. मर्यादा सर्वांस सारखी झाली की कोणाजवळ किती द्रव्य आहे हा प्रश्न मागे पडतो. प्रत्येकाची वखार एकाच मापाची होते. तीत कोणता माल ठेवावा, आणि नवा आत घेण्यासाठी जुना कोणता बाहेर काढावा, एवढाच प्रश्न उरतो. विकत घेण्याचे शहाणपण पुष्कळांस असते. काय सोडावे आणि काय काही झाले तरी सोडू नये, याची पारख थोड्यांस असते. त्या लीगमधील जनरल मॅनेजरांचे यशापयश याच एका पारखेवर ठरते, असे आम्हांस दिसून आले.

ऑगस्टमधील देकार

दरवर्षी १ जुलै रोजी खेळाडूंचा मोठा बाजार उघडतो. त्यात दोन प्रकारचे खेळाडू असतात. ज्यांची ठराविक वर्षांची चाकरी पूर्ण होऊन करार संपला ते मोकळे. ते कोणत्याही संघाकडे जाऊ शकतात. ज्यांचा करार संपला परंतु वय व चाकरी थोडी आहे ते बांधील. त्यांच्यावर जुन्या संघाचा पहिला हक्क राहतो. तथापि दुसरा संघ अशा बांधील खेळाडूस लेखी देकार देऊ शकतो. खेळाडूने त्यावर सही केली की जुन्या संघास सात दिवसांची मुदत मिळते. तितकेच वेतन देऊन खेळाडू राखावा, अथवा ठरलेली भरपाई घेऊन त्यास जाऊ द्यावे. ही भरपाई रोख नसते. पुढील वर्षीच्या नवोदित खेळाडूंच्या निवडीतील हक्क, अशा स्वरूपात ती मिळते. देकाराची रक्कम जितकी मोठी, तितकी भरपाई भारी. त्याच्या पायऱ्या आधीच ठरलेल्या असतात.

त्या वर्षी जूनअखेर एडमंटनच्या जुन्या जनरल मॅनेजरने गादी सोडली होती आणि नवे जनरल मॅनेजर स्टॅन बोमन २४ जुलैला आले. मधल्या काळात, १ जुलैच्या बाजारात, संघाने नावाजलेले अनुभवी गडी घेतले. त्यांपैकी बत्तीस वर्षांचे जेफ स्किनर यांस एका वर्षासाठी ३० लाख डॉलर, आणि एकतीस वर्षांचे व्हिक्टर आर्विडसन यांस दोन वर्षांसाठी दरसाल ४० लाख डॉलर ठरले. दोघांचे मिळून ७० लाख. गावात आनंदीआनंद झाला. भाच्याने पेढे वाटले नाहीत इतकेच.

या गडबडीत घरचे दोन तरुण मागे राहिले. फिलिप ब्रोबर्ग यास संघाने २०१९ च्या निवडीत आठव्या क्रमांकावर, आणि डिलन हॉलोवे यास २०२० च्या निवडीत चौदाव्या क्रमांकावर घेतले होते. दोघांचे करार संपले होते आणि नवे झालेले नव्हते. बांधील आहेत, जातात कोठे, अशी समजूत असावी.

१३ ऑगस्ट रोजी सेंट लुईस येथील ब्लूज संघाचे जनरल मॅनेजर डग आर्मस्ट्राँग यांनी एकाच दिवशी दोघांस देकार दिले. ब्रोबर्ग यास दरसाल ४५,८०,९१७ डॉलर, हॉलोवे यास दरसाल २२,९०,४५७ डॉलर, मुदत दोन-दोन वर्षे. हे विचित्र आकडे पाहून आम्ही भाच्यास विचारले की, हे सत्रा आणि सत्तावन्न डॉलर कसले? तेव्हा त्याने भरपाईच्या पायऱ्यांचा तक्ता आमच्यापुढे ठेवला. दुसऱ्या फेरीच्या एका हक्काची पायरी नेमकी ४५,८०,९१७ डॉलरवर संपत होती. तिसऱ्या फेरीच्या हक्काची पायरी नेमकी २२,९०,४५७ वर. म्हणजे एक डॉलर अधिक लिहिला असता तर भरपाई एक पायरी चढली असती! भरपाईसाठी हक्क स्वतःच्याच संघाचा असावा लागतो. सेंट लुईसने दुसऱ्या फेरीचा आपला हक्क पूर्वी पिट्सबर्गला देऊन टाकला होता; तो त्याच दिवशी बदल्यात दुसरे हक्क देऊन परत मिळविला. चाळीस वर्षे आडतीचा धंदा केलेल्या आमच्यासारख्या माणसाने त्या टिपणास मनोमन नमस्कार केला. असा सौदा रागाने अथवा हौसेने होत नाही. कित्येक रात्री वहीवर बसून होतो.

एडमंटनपुढे सात दिवस होते. दोघांचे मिळून ६८,७१,३७४ डॉलर होत होते, आणि वखारीत तेवढी जागा उरलेली नव्हती. २० ऑगस्ट रोजी बोमन यांनी बरोबरी करण्याचे नाकारले. दोघे तरुण गेले. हाती एक दुसऱ्या फेरीचा आणि एक तिसऱ्या फेरीचा हक्क आला. वाचकांनी बेरीज पाहावी. जुलैमध्ये दोन प्रौढ गड्यांवर ७० लाख दिले, आणि ऑगस्टमध्ये ६८ लाख ७१ हजारांसाठी दोन तरुण घालविले.

आमच्या वहीतील एक पान

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. भाच्यास वाटले, मामांनाही संघाचा लळा लागला. वस्तुतः आम्हांस १९९४ सालची आमची पेढी आठवत होती.

त्या वेळी आमच्याकडे एक तरुण दिवाणजी होता. नाव लिहीत नाही, कारण आज तो स्वतः प्रतिष्ठित व्यापारी आहे. सतराव्या वर्षी तो आमच्या दुकानी आला. मुठीत तांदूळ घेऊन त्याची जात व वर्ष सांगणे आम्ही त्यास शिकविले. गोव्याची व कोकणची गिऱ्हाइके, कोणाची उधारी किती दिवस चालू द्यावी, कोणास एका दिवसानंतर स्मरण द्यावे, हे सारे त्याच्या जिभेवर होते. त्याने पगार वाढवून मागितला. आम्ही म्हणालो, दिवाळीनंतर पाहू. दिवाळी झाली, पुन्हा म्हणालो, पुढल्या दिवाळीस पाहू. त्याच वर्षी वडिलांच्या वेळच्या दोघा ओळखीच्या मुनिमांस आम्ही चांगल्या पगारावर आणले. ते मोठे नावाचे. गादीवर बसले की पेढी भरल्यासारखी दिसे. मुलगा आपलाच, जातो कोठे, असे आम्ही धरून चाललो.

पेठेतीलच एका पेढीने त्यास देकार दिला. आमच्यापेक्षा फार अधिक नव्हता. तो आमच्याकडे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "शेठजी, तुम्ही तेवढेच द्या, मी कोठेही जात नाही." आमच्या मनात आले, याने आम्हांस अडविले. आम्ही म्हणालो, "जा." त्या शब्दाची किंमत आम्हांस तीन वर्षांत कळली. गोव्याची निम्मी गिऱ्हाइके हळूहळू त्याच्यामागे गेली. त्यांचे आमच्याशी भांडण नव्हते. त्यांस तांदळाची पारख ज्याच्या हातून मिळत होती त्या हातामागे ती गेली. दोघे नावाजलेले मुनीम त्यानंतर दोन वर्षांत वयोमानाने घरी बसले. आम्ही कोणासही दोष देत नाही. ज्या पेढीने त्यास नेले तिने धंदा केला, आम्ही अहंकार केला.

कागदावरचे हिशेब

त्या लीगमधील इतर पेढ्यांच्या वह्याही आम्ही मग उत्सुकतेने चाळल्या. मर्यादा आली की पळवाटही येते, हा मनुष्यस्वभाव तेथेही आहे. मर्यादेच्या हिशेबात खेळाडूचे त्या वर्षाचे प्रत्यक्ष वेतन धरीत नाहीत. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षे, अशी सरासरी धरतात. तेव्हा काही चतुर मंडळींनी वर्षेच वाढविली. २०१० च्या जुलैमध्ये न्यू जर्सीच्या डेव्हिल्स संघाने इल्या कोव्हालचुक यांच्याशी १७ वर्षांचा, १० कोटी २० लाख डॉलरचा करार केला. तो संपताना खेळाडू ४४ वर्षांचा झाला असता! शेवटच्या पाच वर्षांचे वेतन दरसाल केवळ साडेपाच लाख ठेवले होते, म्हणजे सरासरी खाली यावी. लीगने करार नामंजूर केला, लवादानेही लीगचीच बाजू उचलून धरली. मग १५ वर्षांचा, १० कोटींचा नवा करार झाला. शिवाय संघास ३० लाख डॉलर दंड आणि निवडीच्या हक्कांचे नुकसान अशी शिक्षा झाली, जी पुढे काहीशी सौम्य करण्यात आली. इतके करून २०१३ साली कोव्हालचुक करारातील १२ वर्षे शिल्लक असताना लीग सोडून रशियास निघून गेले.

न्यूयॉर्कच्या आयलँडर्स संघाने २००६ मध्ये गोलरक्षक रिक डिपिएट्रो यांस १५ वर्षांसाठी ६ कोटी ७५ लाख डॉलर देण्याचे ठरविले. दुखापतींनी खेळ थांबला. २०१३ मध्ये संघाने फारकत घेतली. नियमाप्रमाणे उरलेल्या वेतनाच्या दोन तृतीयांश रक्कम, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात फेडावयाची. त्यामुळे न खेळणाऱ्या माणसास दरसाल १५ लाख डॉलर २०२९ पर्यंत देणे संघाच्या नशिबी आले. माणूस किती वर्षे उपयोगी पडेल हे मनुष्यास ठाऊक नसते, हे माहीत असूनही हौस आवरत नाही.

टोरांटोची गोष्ट आपल्या तेजीवाल्यांनी अवश्य वाचावी. त्या संघाने २०१८ व २०१९ या दोन वर्षांत टव्हारेस, मॅथ्यूज, मार्नर व नायलँडर या चौघांशी जबर करार केले. चौघांचे मिळून दरसाल ४ कोटी डॉलरहून अधिक. २०१९-२० ची मर्यादा ८ कोटी १५ लाख होती. म्हणजे संघातील चार गड्यांनी जवळजवळ निम्मी वखार भरली. मर्यादा वर्षानुवर्षे चढत होती, तेव्हा दोन-तीन वर्षांत हे ओझे हलके वाटू लागेल असा हिशेब सहज करता येत होता. मार्च २०२० मध्ये महामारी आली. प्रेक्षकगृहे ओस पडली, उत्पन्न घटले, आणि मर्यादा पुढील दोन वर्षे ८ कोटी १५ लाखांवरच खिळून राहिली. नंतरही दोन वर्षे केवळ दहा-दहा लाखांनी वाढली. खेळाडू उत्तमच होते, परंतु त्यांच्याभोवती भक्कम माणसे उभी करण्यास जागा उरली नाही. २०१७ ते २०२५ या काळात त्या संघाने चषकाच्या लढतींत अवघ्या दोन फेऱ्या जिंकल्या, एक २०२३ मध्ये व दुसरी २०२५ मध्ये. पुढल्या तेजीच्या भरवशावर आज वखार भरणाऱ्याने ही वही पाहावी. महामारी कोणाच्याही अंदाजात नव्हती हे खरे. परंतु अंदाजात नसलेल्या गोष्टीसाठी थोडी जागा मोकळी ठेवणे हेच मुनिमाचे काम.

सर्वांत नवल वाटले ते ख्रिस प्राँगर यांच्या खात्याचे. हे फिलाडेल्फियाचे थोर बचावपटू. २०११ साली डोळ्यास व डोक्यास इजा होऊन त्यांचा खेळ संपला, पण करार २०१७ पर्यंत होता. २०१५ च्या जूनमध्ये फिलाडेल्फियाने तो करार ॲरिझोनाच्या संघास देऊन टाकला. न खेळणाऱ्याचा करार कोणी का घ्यावा? तर ॲरिझोनास खालची मर्यादा गाठावयाची होती. मर्यादेच्या हिशेबात त्या खात्याची किंमत सुमारे ४९ लाख डॉलर, आणि प्रत्यक्ष देणे मात्र वर्षाला पावणेसहा लाख. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्राँगर यांचा निवृत्त थोर खेळाडूंच्या कीर्तिमंदिरात सत्कार झाला, तेव्हाही ॲरिझोनाच्या वहीत ते चालू गडी म्हणून नोंदलेले होते! रिकाम्या पोत्यांवर वजनाचे आकडे लिहून वखार भरल्याचे दाखवावे, तसा हा प्रकार. नियमात बसतो, तथापि वही पाहून धान्य मिळत नाही.

एकच मुनीम, दोन वखारी

आता पुन्हा स्टॅन बोमन यांच्याकडे वळू. कारण २०२४ मध्ये ज्यांनी दोन तरुण जाऊ दिले, त्याच बोमन यांनी चौदा वर्षांपूर्वी शिकागोत निराळा निर्णय घेतला होता.

शिकागोच्या ब्लॅकहॉक्स संघाने ९ जून २०१० रोजी, ४९ वर्षांनंतर, चषक जिंकला. जिंकलेल्या संघाचे भाव चढतात. मर्यादा मात्र चढलेल्या भावास जागा देत नाही. त्यात बोमन यांच्यापूर्वी, २००९ मध्ये, आणखी एक गोंधळ झाला होता. बांधील खेळाडूंस द्यावयाची करारपत्रे त्या संघाकडून मुदतीत पोचली नाहीत, आणि त्यांस मनाजोगते वेतन देऊन राजी करावे लागले. एका टपालाच्या दिरंगाईने वखारीचा एक कोपरा कायमचा भरला. आमच्या मुलास आम्ही ही गोष्ट दोनदा सांगितली.

चषक मिरवून होतो न होतो तोच बोमन यांनी बफलिन, लॅड, व्हर्स्टीग अशा विजेत्या गड्यांस दुसऱ्या संघांस दिले. चषक जिंकून देणारे गोलरक्षक आंटी निएमी यांस लवादाने २७ लाख ५० हजारांचे वेतन ठरविले. ते देण्याचे नाकारून त्यांसही सोडले. लोकांनी हळहळ केली. परंतु त्याच जुलैमध्ये सान होजे संघाने शिकागोचा तरुण बचावपटू निक्लास यालमार्सन यास चार वर्षांसाठी १ कोटी ४० लाखांचा देकार दिला, तेव्हा इतक्या टंचाईतही बोमन यांनी बरोबरी करून त्यास राखले. पाठीचा कणा कोणता आणि अंगावरचा दागिना कोणता, हे त्यांनी ओळखले. २०१३ व २०१५ मध्ये शिकागोने पुन्हा चषक जिंकला, आणि दोन्ही वेळी यालमार्सन संघात होता.

मग २०२४ मध्ये त्याच मुनिमाने उलट का केले? आमच्या मते माणूस तोच होता, वखार निराळी होती. शिकागोत त्यांनी आधी जागा मोकळी केली, मग देकार आला. एडमंटनमध्ये ते येण्यापूर्वीच जागा भरून गेली होती. योग्य वेळी नको ते बाहेर काढले नाही, तर हवे ते राखण्याची वेळ येते तेव्हा हात बांधलेले असतात. मुनिमाची हुशारी तेथे चालत नाही.

पुढे काय झाले? पहिल्याच हंगामात, २०२४-२५ मध्ये, हॉलोवे याने सेंट लुईससाठी २६ गोल केले. एडमंटनसाठी स्किनर यांनी १६ व आर्विडसन यांनी १५ केले, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात दोघेही एडमंटन सोडून गेले. म्हणजे घरचे दोन गेले, आणलेले दोनही राहिले नाहीत. न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की त्यामुळे एडमंटन बुडाले नाही. २०२५ मध्येही तो संघ अंतिम फेरीत पोचला, आणि पुन्हा फ्लोरिडाकडूनच हरला. ते दोघे असते तर निकाल निराळा लागला असता असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. झालेल्या सौद्यावर शहाणपण सांगणारे पेठेत पुष्कळ असतात.

शेवटी एका खेळाडूची गोष्ट सांगून पुरे करतो. २०२५ च्या सप्टेंबरअखेर मिनेसोटाच्या संघाने किरिल काप्रिझोव्ह यांच्याशी आठ वर्षांचा, १३ कोटी ६० लाखांचा करार केला. दरसाल १ कोटी ७० लाख. लीगच्या इतिहासातील तोवरचा सर्वांत मोठा करार. एडमंटनचे कर्णधार कॉनर मॅकडेव्हिड हे या काळातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून गणले जातात. २०२६-२७ साठी मर्यादा १० कोटी ४० लाखांपर्यंत चढणार असे लीगने आधीच जाहीर केले होते. तेव्हा ते काय मागतील याची सर्वत्र चर्चा होती. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांनी दोन वर्षांचा करार केला, दरसाल १ कोटी २५ लाखांवर. २०१८ पासून जे घेत होते तेवढेच. उरलेली जागा संघाने इतर चांगल्या गड्यांसाठी वापरावी, हा त्यातील उघड अर्थ. भाच्याने ही बातमी दूरध्वनीवरून आम्हांस सांगितली तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता. आम्ही त्यास म्हणालो, मुदत दोनच वर्षांची आहे हेही ध्यानात ठेव. ज्या गड्याने पेढीसाठी आपला वाटा सोडला, तो पेढीवर उपकार करून नजरही ठेवून आहे. दोन वर्षांत वखार नीट लागली नाही, तर तोही मोकळा होईल.

वाचकहो, धान्याचे पोते बोलत नाही. ते एका वखारीतून दुसऱ्या वखारीत गेले तरी त्यास दुःख नाही. माणूस बोलतो; आणि बोलणे ऐकून घेतले नाही तर एके दिवशी बोलणे थांबवितो, ते अधिक वाईट. एडमंटनहून परतल्यापासून आमच्या पेढीत एक रिवाज आम्ही सुरू केला आहे. लक्ष्मीपूजनाच्या पंधरा दिवस आधी आमचा मुलगा व आम्ही वही घेऊन बसतो, आणि पगाराच्या यादीत सर्वांत लहान वयाच्या नोकराचे नाव प्रथम घेतो. जुन्यांचा मान आहेच, त्यांचे नाव मागाहून येते. गेल्या वर्षी असा एकोणीस वर्षांचा मुलगा निघाला, ज्याने काहीच मागितले नव्हते. आम्ही आपण होऊन दिले. त्याने विचारले, "शेठजी, कोणाचा देकार आला होता काय?"

आम्ही म्हणालो, "नाही. येण्यापूर्वीच देत आहोत."